पंचेचाळीसवरची बाई

“आता त्यांना हवं ते खाऊ घाला,” असं डॉक्टर म्हणाले आणि आम्ही ताईला दवाखान्यातून माझ्या घरी आणलं. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, मनमाडची. डॉक्टर पथ्य उठवतात तेव्हा त्याचा अर्थ काय, हे आमच्या वयाच्या बायकांना समजावून सांगावं लागत नाही. पोटाचा कॅन्सर. घोटभर ताकसुद्धा पोटात ठरत नव्हतं, आणि म्हणे हवं ते खाऊ घाला! मनातल्या मनात मी त्या डॉक्टरला एक शिवी हासडली आणि तोंडाने “बरं” म्हटलं.

नाशिकला गंगापूर रोडवरच्या माझ्या फ्लॅटची मागची खोली तिला दिली. दुपारी नातीने खिडकीचा पडदा ओढला, मी उशाशी बसले आणि विचारलं, “ताई, काय खावंसं वाटतंय?”

“खायला नको काही. त्या बाईचं गाणं लाव.”

“कोणत्या बाईचं?”

“अगं, आपली ती. ओरडणारी.”

मला हसू आलं. ती ओरडणारी बाई कोण, ते मला चांगलं माहीत होतं. ती बाई नव्हतीच.

आमच्या माहेरी वरच्या खोलीत एक तरुण इंजिनियर भाड्याने राहायचा. त्याची अचानक दक्षिणेत कुठेतरी बदली झाली. “नंतर येऊन घेऊन जाईन,” असं सांगून तो आपला रेकॉर्ड प्लेअर आणि एक मोठी तबकडी आमच्याकडे ठेवून गेला. विलायतेतल्या कुठल्याशा रॉकवाल्यांचा आल्बम. कव्हरवर एकाचाही चेहरा नाही, नुसतं ओसाड माळरान आणि मधोमध एक लोखंडी पलंग. त्या प्लेअरला वेगाचा एक खटका होता आणि तो मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांवर होता. आईने भूपाळ्यांच्या छोट्या तबकड्या आणल्या, त्या पंचेचाळीसच्याच, त्यामुळे झकास वाजल्या. मग खटक्याला हात लावायचं कारणच काय? मोठी तबकडी तेहतीसवर लावायची असते, हे आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या कानावर आलेलं नव्हतं.

तबकडी जास्त वेगाने फिरली की आवाजही वर चढतो. विलायतेतला तो बाप्या आमच्या घरात बाई होऊन गायचा. पातळ, धारदार, चिडलेला आवाज. मागे ढोल असे, की गच्चीवर कुणी गाद्या झोडपतंय. दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात तर शब्द संपायचे आणि ती नुसतीच ओरडत सुटायची. आई म्हणायची, “बंद करा ते. कुणाला विंचू चावलाय?”

मी तेव्हा बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं आणि अख्ख्या नाशिकात आपल्याइतकी रसिक मुलगी दुसरी नाही, अशी माझी पक्की समजूत होती. खांद्याला शबनम अडकवून फिरायचे. आत एक रुमाल आणि चिंचेच्या गोळ्या, पण चालायचे अशी, की जणू जगाचं दुःख त्या पिशवीत भरलंय. या कार्टीने कॉलेजच्या वार्षिकात चक्क लेख लिहिला. विलायती गायिकेच्या कंठातून युगायुगांची स्त्रीवेदना कशी स्रवते, यावर चार पानं! ‘स्रवते’ हा शब्द मी त्यात किती वेळा वापरला होता, ते आठवून आजही कानाच्या पाळ्या गरम होतात. प्राध्यापकांनी पाठ थोपटली. त्यांनीही ती तबकडी ऐकली नव्हती, हे माझं नशीब.

ताईने लेखबिख काही लिहिला नाही. ती मॅट्रिकनंतर घरीच होती, लग्नाचं बघणं चालू होतं. गुडघे पोटाशी घेऊन ती प्लेअरच्या अगदी जवळ बसायची आणि ते शेवटचं गाणं आलं की श्वास धरून ठेवायची. एकदा तिने मला विचारलं, “हिला घरचे काही बोलत नसतील का गं?”

मी तुच्छतेने म्हटलं, “अगं, ती कलावंत आहे!” काय पण उत्तर! फटकावून काढायला हवं होतं मला.

त्याच वर्षी ताई मनमाडला गेली. नवरा रेल्वेत, क्वार्टर यार्डाला लागून, माणूस नाकासमोर चालणारा, असं स्थळ आणणाऱ्यांनी सांगितलं होतं. तिच्या लग्नानंतर काही दिवसांनी इंजिनियर सामान न्यायला आला. मी मोठ्या ऐटीत त्याला त्याचीच तबकडी ऐकवली. तो आधी गोंधळला, मग पोट धरून हसायला लागला. त्याने खटका तेहतीसवर सरकवला आणि माझ्या डोळ्यांदेखत माझी स्त्रीवेदना खाली खाली घसरत एका जाडसर, थकलेल्या पुरुषाच्या गळ्यात जाऊन पडली. “ठेवा तुम्हालाच,” तो डोळे पुसत म्हणाला. “मी आता कॅसेटवाला घेतलाय.”

वर्षभर मी त्या तबकडीचं तोंड पाहिलं नाही. मग एकदा घरात कुणी नसताना तेहतीसवर लावली आणि तिथून जी लागले, ती लागलेच. लग्नानंतर प्लेअर सासरी नेला. नवरा गेला त्यानंतरच्या दुपारीही मी तीच ऐकत होते. लोक विचारतात, त्यात एवढं आहे काय? मला काही फार अक्कल नाही त्यातली. पण आपल्याकडे गाण्यात रडायचं असलं तरी सुरात रडावं लागतं. हा माणूस रडताना सूर सोडतो, आणि त्याला कुणी हाकलून देत नाही. वाजवणारे थांबतात, त्याचं होऊ देतात, मग पुन्हा हळूच सुरू करतात. असं कुणी आपल्यासाठी थांबल्याचं तुम्हाला आठवतंय का? मला नाही आठवत.

ताईला हे सगळं सांगायचं राहून गेलं. ती माहेरी यायची ती बाळंतपणाला, नाहीतर कुणी गेलं म्हणून. बाळंतिणीच्या खोलीशेजारी तो धिंगाणा कोण लावू देणार? तेव्हा तिच्या दंडावर काळेनिळे डाग दिसायचे. आई विचारायची आणि ताई सांगायची, “दाराची कडी लागली.” आई पुन्हा विचारायची नाही. मीही नाही.

आता इतक्या वर्षांनी, त्या पलंगावर पडल्या पडल्या, ताईने मला एक गोष्ट सांगितली. “आमच्या यार्डात मालगाडी यायची ना, तेव्हा भांडी वाजायची फडताळातली. कोणाचं कोणाला ऐकू जायचं नाही. मी काय करायचे, स्वयंपाकघराचं दार लोटायचे आणि ओरडायचे. तिच्यासारखं. शेवटचा डबा जाईस्तोवर.”

“आणि मग?”

“मग काय? मग फोडणी.”

ती हसली. हसल्याने दुखलं असावं, कारण तिने माझा हात आवळला. “वाटायचं, ती करू शकते तर आपल्याला काय धाड भरलीये? बाईच आहे ना तीपण. लाव ना गं एकदा.”

प्लेअर मुका नव्हता, पण फिरत नव्हता. आतला रबरी पट्टा कधीचाच गळून पडला होता. नातीने मला सगळं फोनवर लावून दिलं, तेव्हापासून मीही त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. नात म्हणाली, “त्यात काय आजी, फोन आहे की,” आणि मी अडवायच्या आत तिने शेवटचं गाणं लावलंसुद्धा.

ताई ऐकत राहिली. मग तिच्या कपाळावर आठी आली. “हा कोण बाप्या?”

“हाच गातो, मनमाडची आजी! बाई नाहीच्चे याच्यात.”

मी पोरीच्या पायावर पाय दिला, पण व्हायचं ते झालं होतं.

“नव्हतीच?” ताईने मला विचारलं. नातीला नाही, मला.

“हिला काय कळतंय? हे नवीन काहीतरी आहे. आपली तबकडी वेगळी,” मी म्हटलं. लहानपणी थापा मारताना माझं नाक खाजायचं, ते तेव्हाही खाजलं. ताईने ते पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या दिवशी तिने चमच्याने पाणीही घेतलं नाही.

नातीने फोनवर वेग वाढवून पाहिला. गाडी चुकेल म्हणून धावत सुटलेल्या माणसासारखा तो भराभर गायला, पण राहिला बाप्याच. “अजून एक ॲप असतं बहुतेक,” ती रडवेली होऊन म्हणाली. मी द्वारका चौकाजवळच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, “आजी, पट्टा मुंबईहून मागवावा लागेल. आठवडा धरून चाला.” आठवडा! मागच्या खोलीतून येणारा श्वास मला ऐकू येत होता. आठवडा धरून चालण्यासारखा तो नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि नातीने प्लेअर उचलून ताईच्या पलंगाशी नेला. वायर जोडली. डबा घुमायला लागला, म्हणजे आवाजाचं यंत्र जिवंत होतं. तबकडी ठेवली, सुई शेवटच्या गाण्यावर टेकवली आणि मधल्या कागदावर बोट ठेवून मी ती फिरवायला लागले. आधी नुसतं गुरगुरणं. जात्यावर बसावं तशी मी अंगच झुलवायला लागले, आणि आवाज चढत चढत गेला, डगमगला, पुन्हा चढला. आणि ती आली. आमच्या माजघरातली ती चिडकी, धारदार बाई.

ताईने मान वळवली. तिचे डोळे मिटलेले होते, पण तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. आवाज काही आला नाही, नुसती हवा. नात तोंडावर ओढणी धरून दाराशी उभी होती.

शब्द संपले, ओरडणं सुरू झालं. ते भलं लांबलचक आहे. तेहतीसवर ऐकताना ते संपू नये असं मला वाटायचं. त्या सकाळी मात्र, देवा, लवकर संपव, असं म्हणत होते, कारण माझ्या खांद्यातून कळा येत होत्या आणि बोटाला घाम फुटला होता. बोट सटकलं. आवाज एकदम खाली घसरला आणि तो थकलेला बाप्या उघडा पडला. मी घाईघाईने पुन्हा जोर लावला.

“राहू दे,” ताई म्हणाली. तिचे डोळे उघडे होते आणि ती माझ्या बोटाकडे पाहत होती. कधीपासून पाहत होती, देव जाणे. “दमली ती. आता त्याला गाऊ दे.”

मग मी हळू फिरवलं. जमेल तसं, वेडंवाकडं. तो गायला. मध्ये वाजवणारे थांबले, त्याचं होऊ दिलं आणि पुन्हा हळूच सुरू झाले. ताईने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, “हापण लई सोसलेलाच आहे की गं,” आणि दोन चमचे पाणी घेतलं.

तिने तो आठवडा काढला नाही.

तेराव्यानंतर दुरुस्तीवाल्याचा फोन आला, पट्टा आलाय, बसवून देऊ का. मी म्हटलं, ठेवून द्या. नात मला वेडी म्हणते. प्लेअर अजून मागच्या खोलीतच आहे, आणि एखाद्या दुपारी हाताला जोर असला तर मी बोटाने फिरवते. बरं वाटत असेल तर ती येते. हात भरून आला की तो. पट्टा बसवला, तर खटका असेल तसं मेलं एकच कुणीतरी गात राहील.