कोझिमोंच्या कोब्याला मी पाणी मारलं नाही

आमचे शेजारी कोझिमो एकोणिसाव्या वर्षी कालाब्रियातून बोटीने अ‍ॅडलेडला आले आणि पुढची पंचेचाळीस वर्षं त्यांनी काँक्रीटच ओतलं. आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांच्या मोटारी त्यांनी घातलेल्या कोब्यावर उभ्या असतात. निवृत्त झाल्यावरही कुणाच्या अंगणातून जाताना ते मान वाकवून कडा बघत, आणि समाधान झालं की बुटाच्या टाचेने दोनदा ठोकत.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी स्वतःच्या परसात कोबा घातला. कार्मेला, त्यांची बायको, दर उन्हाळ्यात टोमॅटोचा रस्सा शिजवून बाटल्यांत भरते. तिच्यासाठी त्यावर शेड उभारायची होती. जावई म्हणाला, माणूस बोलावू. "माझ्या परसात दुसरा थापी फिरवणार?" एवढंच कोझिमो म्हणाले आणि पहाटे चारला कामाला लागले.

दोनच दिवसांनी कार्मेलाच्या खुब्याच्या ऑपरेशनची तारीख आली. कोझिमो दवाखान्याजवळ मुलीकडे राहायला जाणार होते. जाताना त्यांनी मला कोब्यावरची ओली पोती दाखवली आणि पावसाचं पाणी साठवलेली त्यांची टाकी दाखवली. सात दिवस, दोन्ही वेळा, बादलीने पाणी मारायचं. मी हो म्हटलं.

तो दुष्काळाचा तिसरा उन्हाळा होता. मी रोज पेपरात धरणाची पातळी बघायची, मुलींच्या अंघोळीला घड्याळ लावायची. नवरा म्हणायचा, "हेलन, अजून नळाला पाणी येतंय गं." पण पाणी संपलं तर दोघींना घेऊन कुठे जायचं, हा विचार माझ्या डोक्यातून जात नसे. दोन दिवस मी पाणी मारलं. तिसऱ्या दिवशी बादली हातात धरून उभी राहिले आणि मला ते जमेना. सिमेंट तर कधीच कडक झालं होतं. एवढं स्वच्छ पाणी दगडावर ओतायचं? मी टाकी रिकामी केली आणि ते पाणी आमच्या धुण्याच्या खोलीतल्या पिंपांत भरून ठेवलं. त्या आठवड्यात पारा बेचाळीसवर गेला, उत्तरेच्या वाळवंटाकडून गरम वारा सुटला. पोती वाळून कडक झाली.

कोझिमो परत आले तेव्हा कोब्यावर बारीक भेगांचं जाळं पसरलं होतं. टाच घासली की पांढरी भुकटी निघत होती. त्यांनी मला विचारलं, "पाणी मारलंस ना?"

"हो. दोन्ही वेळा."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. माझ्या शब्दावर त्यांना शंकाच आली नाही, म्हणून दोष त्यांनी स्वतःकडे घेतला. माल कालवताना चुकलो, हात गेला माझा, असं ते जावयाला सांगत होते. पुढच्या आठवड्यात त्यांनी थाप्या पुसून खोक्यात भरल्या आणि जावयाला म्हणाले, कुणाला हव्या असतील तर दे.

कोझिमो खोकं गाडीकडे नेत असताना मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. चप्पल न घालताच धावत गेले आणि जावयासमोरच सगळं सांगितलं. पिंपांचंही.

कोझिमोंनी हातातलं खोकं खाली ठेवलं. "दोन दिवस? फक्त दोनच?"

मी होकारार्थी मान हलवली.

त्यांचा चेहरा उजळला. ते रागावतील याची मी तयारी ठेवली होती, याची नव्हती. "कार्मेला," त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, माल बरोबर होता! पाणीच मिळालं नाही त्याला!"

कार्मेला वॉकर टेकत दारात आली. तिने सगळं ऐकलं होतं. "दहा दिवस हा माणूस नीट जेवला नाही," ती मला म्हणाली आणि आत गेली. दार हळूच लावलं.

कोझिमोंनी खोकं उचलून परत घरात नेऊन ठेवलं. उन्हाळा ओसरला की हा कोबा फोडू आणि नवा ओतू, असं ते मलाच समजावत होते, जणू नुकसान माझंच झालं होतं. काय मदत करू, मी विचारलं.

"खडी वाहायला ये," ते म्हणाले. "पाणी मात्र मीच मारीन."