त्या घरी मी जेवलो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. रशिदाला — माझ्या बायकोला — सुद्धा नाही, आणि तिच्यापासून मी साधी शुगरची गोळी चुकवलेलीही लपवू शकत नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा आता पोटात मावेना, म्हणून. काय असेल ते असो.

मी दस्तगीर. राजारामपुरीत एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर सत्तावीस वर्षं माझं ऑफिस होतं. पाटीवर ‘खाजगी गुप्तहेर’ असं लिहिलेलं. ती वाचून लोकांना काय काय वाटायचं, पिस्तूल काय, खून काय. कसलं काय? माझी सगळी उमर लग्नाच्या चौकशा करण्यात गेली. मुलगा सांगतात तेवढा शिकलाय का, पितो का, आधीचं काही लफडं आहे का, घरातली माणसं कशी आहेत. मुलीचा बाप आधी पत्रिका बघायचा आणि मग माझा रिपोर्ट, आणि पत्रिका जुळली नाही तरी चालेल पण दस्तगीरभाईंचा रिपोर्ट चांगला पाहिजे, असं म्हणणारेही होते. खोटं सांगत नाही. ते ऐकून मला फार बरं वाटायचं.

माझी एक पद्धत होती. गावात गेलं की आधी न्हाव्याकडं दाढीला बसायचं. मग किराणा दुकान. मग पिठाची गिरण, कारण बायका बोलतात त्या तिथंच. शेवटी शेजारचं घर. आणि एक नियम — ज्या घराची चौकशी, त्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. का, ते तुम्हाला ठाऊकच आहे. आपल्याकडं ज्याच्या घरी चार घास खाल्ले त्याच्याबद्दल वाईट बोलवत नाही. जीभच उचलत नाही. हा नियम मीच केलेला, आणि चारचौघांत मोठ्या तोऱ्यात सांगायचो.

तो मी एकदाच मोडला.

मंगळवार पेठेतले शिंदे सर माझ्याकडं आले होते. हायस्कूलात भूगोल शिकवायचे. साधा माणूस, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. मुलगी अश्विनी, एकुलती एक. कोडोलीच्या अलीकडच्या एका गावातलं स्थळ आलं होतं. मुलगा रणजित, ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान, ऊस, म्हशी, थोरल्या भावाचं लग्न झालेलं. सर म्हणाले, ‘तुम्ही हो म्हणालात तर मी सुपारी फोडतो.’ एवढंच.

गावात गेलो. न्हाव्याच्या खुर्चीत बसलो, तोंडाला फेस लावलेला, आणि आरशात मागं एक माणूस दिसला. फेटा, मिशा, हसरा चेहरा. मुलाचा चुलता, गावात सगळे त्याला आबा म्हणायचे. म्हणाला, “पावणं, चौकशीला आलाईसा न्हवं? मग दारातनं का बघता, घरात या की. आमच्यात लपवायसारखं काय न्हाय.”

आता यावर काय बोलणार? मी नको नको म्हणालो. तो ऐकेना. “जेवल्याबिगर जायाचं न्हाय. मटण मुलाण्याकडनंच आणलंय, काळजी करू नका.” माझं नाव, जात, सगळं त्याला माहीत होतं. मला त्याचा रागही आला, आणि — हे आता कबूल करायलाच पाहिजे — कौतुकही वाटलं. एवढ्या मोठ्या घरानं आपल्यासाठी खास मटण आणावं? दाढी झाली, किराणा दुकानात उभ्या उभ्या दोन गोष्टी विचारल्या आणि मी गेलो. गिरणीत गेलो नाही. शेजारीही नाही.

घराच्या पुढच्या सोप्यात पंगत बसली. मी, आबा, रणजित, त्याचा थोरला भाऊ. थोरली सून वाढत होती. सुरेखा तिचं नाव, हे मला नंतर कळलं. तांबडा रस्सा घेऊन आली, आणि रणजितच्या ताटाशी वाटीतला थोडा रस्सा त्याच्या पँटवर सांडला. चमचाभर. बस्स.

त्यानं नुसती मान वर करून बघितलं तिच्याकडं. आणि तिचा हात — रिकामा डावा हात — झटकन वर गेला. कोपर डोक्यावर, चेहरा आत. मार चुकवायला जातो तसा. कुणी मारलं नव्हतं. कुणी हात उगारलाही नव्हता. तिचा नवरा शेजारी जेवत होता, तो जेवतच राहिला. आबा हसला आणि म्हणाला, “लई घाबरट हाय आमची सुरेखा.” सगळे हसले.

तिनं हात खाली घेतला आणि माझ्याकडं बघितलं. मी भाताकडं बघायला लागलो.

शितावरून भाताची परीक्षा, हेच तर माझं काम. सत्तावीस वर्षं दुसरं केलं काय? एक शीत दाबलं की मला कळतं. त्या दिवशीही कळलं होतं. पण आबानं आग्रहानं पुन्हा वाढलं, मी बोटं चाटून जेवलो, सुपारी खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून रिपोर्ट लिहिला. न्हावी आणि किराणावाला यांच्या नावानं चार ओळी. न केलेल्या गिरणीतल्या आणि शेजारच्या चौकशीच्या दोन. आणि खाली — ‘घर खानदानी, माणसं मोकळ्या मनाची. निःशंकपणे पुढे जावे.’ सही, शिक्का.

तुम्ही म्हणाल, एका हातावरून कुणाचं स्थळ मोडायचं का? मीही तेच म्हणालो, स्वतःला. बरीच वर्षं म्हणत राहिलो. पण ते कारण नव्हतं. खरं कारण म्हणजे मी जेवलो होतो, आणि खाल्ल्या मिठाला जागायचं ते चुकीच्या ठिकाणी जागलो.

लग्न झालं. सर पेढे घेऊन आले. आनंदाच्या भरात माझ्या रिपोर्टची एक झेरॉक्स त्यांनी मुलाकडच्यांनाही दिली होती — बघा, तुमच्याबद्दल किती चांगलं लिहिलंय.

सहा वर्षांनी मी ऑफिस बंद केलं. गुडघे गेले होते. घरी बसून पेपर वाचायचा, नमाजाला जायचं, रशिदाची बोलणी खायची, असं चाललं होतं. एका सकाळी दारात शिंदे सर. खिशाला एकच पेन. अश्विनी विहिरीत बुडून गेली होती. कपडे धुवायला गेली आणि पाय घसरला, असं घरचे म्हणत होते. पोलिसांनीही तेच लिहून घेतलं होतं.

“दस्तगीरभाई, तिच्या आईनं तिचे पाय बघितलेत,” सर म्हणाले. “तळव्याला एक काटा नव्हता.” मला काही कळलं नाही. मग म्हणाले, “तुम्ही ते घर आतून बघितलंय. तुम्हीच शोधा. पोलिसांवर माझा भरवसा नाही, तुमच्यावर आहे.”

मी नाही कसं म्हणणार? आणि हो तरी कोणत्या तोंडानं म्हणणार? गेलो.

बाराव्याला सरांबरोबर त्या घरी गेलो आणि पाय मोकळे करायच्या निमित्तानं मागं विहिरीकडं फिरून आलो. माझ्या उभ्या आयुष्यात खुनाचा म्हणून तपास मी हा एकच केला, आणि तो करायला मला अर्धा तास लागला. धुण्याचा दगड परसात नळाजवळ होता. विहिरीवर कुणी कपडे धूत नव्हतं, तिथं धुवायला जागाच नव्हती. दारापासून विहिरीपर्यंतच्या वाटेवर कुंपणाच्या बाभळीचे काटे पसरलेले, माझ्या चपलेतनं दोनदा टोचले. आणि अश्विनीच्या चपला मागच्या दाराशी होत्या, तिच्या आईनंच बातमी कळली त्या दिवशी तिथून उचलून आणल्या होत्या. अनवाणी पोरगी त्या काट्यांतनं चालत गेली आणि तळव्याला एक काटा नाही? ती चालत गेलीच नव्हती. तिला नेलं होतं.

चार दिवसांनी मी पिठाच्या गिरणीत गेलो. त्याच — जिथं सहा वर्षांपूर्वी जायला पाहिजे होतं. सुरेखा जोंधळ्याचा डबा घेऊन उभी होती. पट्टा फिरत होता, आवाज असा की शेजारच्याला शेजारचं ऐकू येऊ नये. ती माझ्या जवळ येऊन उभी राहिली.

“वळखलं का, पावणं?” म्हणाली. मी मान हलवली. मग तिनं सगळं सांगितलं, पिठाच्या धारेकडं बघत. भांडण पोर होत नाही त्यावरनं झालं होतं. रणजितनं अश्विनीचं डोकं उंबऱ्यावर आपटलं. ती हलेना झाली, तसं त्यानं आणि आबानं मिळून उचलून नेलं. सुरेखानं स्वयंपाकघराच्या खिडकीतनं बघितलं होतं.

“मी सांगीन पोलिसात,” ती म्हणाली. “पर एकटी न्हाय सांगणार. एकटीचं कोण ऐकतंय? मारून टाकतील मला बी. तुमी बी या. त्या दिवशी तुमी बघितलासा. माझा हात वर गेलता आन् तुमी भाताकडं बघाय लागलासा. तेवढं सांगा, बास. म्हंजी मी येडी न्हाय एवढं तरी लोकास्नी कळंल.”

सहा वर्षं तिनं ते लक्षात ठेवलं होतं. मारणारे घरातच होते, त्यांचं काय नवल? पण बाहेरच्या एका माणसानं बघितलं होतं, आणि तो मी होतो.

माझ्या त्या साक्षीला कोर्टात किती किंमत, मला कळत नव्हतं का? काहीच नसती. तिलाही कळत असेल. तिला एकटीनं उभं राहायचं नव्हतं, एवढंच. आणि मी उभा राहिलो असतो तर शिंदे सरांना कळलं असतं — दस्तगीरनं बघितलं होतं. बघून निःशंकपणे लिहिलं होतं. त्या माणसाच्या डोळ्यासमोर मला उभं राहवलं नसतं. कोल्हापुरात माझं नाव होतं. अजून आहे, आग लागो त्याला.

मी तिला म्हणालो, “उद्या येऊन सांगतो.” ती म्हणाली, “वाट बघते.” डबा डोक्यावर घेऊन गेली. मी उद्या गेलो नाही. परवाही नाही.

सरांना मात्र घरी जाऊन सांगितलं. समोर बसून, त्यांच्या बायकोनं दिलेला चहा हातात घेऊन. म्हणालो, सगळं तपासलं, गिरणीत विचारलं, शेजारी विचारलं. पाय घसरूनच झालंय. काट्यांचं म्हणाल तर पाण्यात निघून जातात. हे मी बोललो. पाण्यात काटे निघून जातात, असं एका आईच्या तोंडावर बोललो, आणि तिनं स्वतःच्या हातानं ते तळवे पुसले होते. ती उठून आत गेली. सर हात जोडून म्हणाले, “तुम्ही सांगताय म्हणजे तसंच असणार.” पुन्हा तपास करा म्हणून पोलिसांत अर्ज त्यांनी केला नाही. प्रकरण मिटलं.

तुम्हाला वाटेल, संपलं. मलाही वाटलं होतं.

गेल्या वर्षी गडहिंग्लजकडचा एक माणूस पत्ता शोधत घरी आला. हातात कागद, घड्या पडून पिवळा झालेला. माझाच रिपोर्ट. रणजितचं दुसरं लग्न त्याच्या मुलीशी ठरत होतं आणि आबानं हा कागद पुढं केला होता — कोल्हापूरच्या गुप्तहेरानं स्वतः लिहून दिलंय. त्या माणसाला फक्त खात्री करायची होती. भोळा चेहरा, डोळ्यांत काळजी. विचारलं, “ही सही तुमचीच न्हवं?”

काय सांगायला पाहिजे होतं, ते तुम्ही सांगू नका. मला ठाऊक आहे. सगळं जिभेवर आलं होतं — हात, काटे, गिरण. रशिदा आत पोळ्या लाटत होती, तिला ऐकू गेलं असतं. आणि मग शिंदे सरांना. मी कागद हातात घेतला, उगाच उजेडात धरला, आणि म्हणालो, “हो. सही माझीच आहे.”

त्यात खोटं काय होतं? तो माणूस माझ्या पाया पडून गेला.

लग्नाचं आवतण आलं. आबानं स्वतः फोन केला. मी गेलो. कशाला गेलो, ते अजून मला सांगता येत नाही. एस.टी.त बसताना मनाशी ठरवलं होतं की मुलीच्या बापाला बाजूला घ्यायचं, अजून वेळ आहे. मांडवात त्यानंच मला बघितलं आणि येऊन मिठी मारली. माझी ओळख करून देत चार पाव्हण्यांत फिरवलं. अक्षता पडल्या. मुलीचा चेहरा मी नीट बघितला नाही, नावही विचारलं नाही.

दुसरेपणाचं लग्न, म्हणून रणजितच्या घरच्या अंगणातच पंगत होती, आणि घरच्याच बायका वाढत होत्या. आबानं मला हाताला धरून पहिल्या पंगतीला बसवलं. भाताची परात घेऊन सुरेखा ओळीनं वाढत आली. केस पिकलेले. माझ्यासमोर वाकली आणि थांबली.

“वाढू का, पावणं?”

मी पत्रावळीकडं बघत मान हलवली. तिनं वाढलं. मी जेवलो.