नऊ फुटी रॉड

ओल्या शेवाळाचा वास आला की मला मलिंगारजवळचं ते तळं आठवतं. आमच्या चेरीवूडच्या ऑफिसातला एक सीनियर तेव्हा स्वतःची कंपनी काढत होता, आणि ज्या नोकरीवर माझा व्हिसा उभा होता ती सोडून मी त्याच्याकडे यावं, म्हणून त्याने एका रविवारी मला पाईक नावाचा दातेरी मासा धरायला होडीत बसवलं. ‘‘तू नवीन आहेस, हा लांब रॉड घे. बेस्ट आहे,’’ म्हणत त्याने नऊ फुटी रॉड मला दिला आणि साडेसहा फुटी स्वतःकडे ठेवला. एवढा मान मला ऑफिसात कधी मिळाला नव्हता, म्हणून मी सावध झालो. दोन्ही रॉडच्या दोरीला जर्कबेट लावलं होतं, म्हणजे लाकडाचा नकली मासा. रॉडचं टोक खाली धरून झटके दिले की तो जखमी माशासारखा डावी-उजवीकडे पळतो. मी बुटका, त्यामुळे माझ्या रॉडचं टोक प्रत्येक झटक्याला पाण्यावर आपटत होतं आणि माझा मासा जखमी नव्हे, कंटाळलेला दिसत होता. त्याचा मात्र नाचत होता. ‘‘जरा बदलू या का?’’ मी विचारलं. ‘‘अरे, छोटा रॉड तुझ्या उंचीला नाही जमायचा,’’ सहा फुटी सीनियर म्हणाला, ‘‘टेन्शन नको घेऊ. कंपनीतही सगळं ग्रँड होईल.’’ सोमवारी मी नकार कळवला. त्याची कंपनी आता जोरात चालते, असं सगळे सांगतात. तिथे छोटा रॉड कोणाच्या हातात असतो, ते कोणी सांगत नाही.