आईचा यक्स

आई नववीत असताना तिचं लग्न झालं आणि शाळा तिथंच सुटली. पुढं बरीच वर्षं ती हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावच्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम करत राहिली. मी बीएस्सीला हिंगोलीला जाऊ लागले त्या साली एका संध्याकाळी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "मला दहावी पास व्हायचंय. काहून ते विचारू नको."

मी विचारलं नाही. बाहेरून परीक्षेला बसता येतं ते तिनं आधीच कुठून तरी काढून ठेवलं होतं. मराठी, इतिहास तिचे ती वाचत असे. गणिताचं पुस्तक मात्र तिनं माझ्यापुढं सरकवलं आणि चूल आवरून, हात पुसून माझ्याशेजारी येऊन बसली.

अगदी सोप्यापासून सुरुवात केली. "एका संख्येपेक्षा पाचने कमी, हे अक्षरात लिही."

"कोणत्या संख्येपेक्षा?"

"कोणत्याही."

"कोणत्याही म्हंजे कोणत्या?"

तिनं थोडा विचार केला आणि 10 − 5 असं लिहिलं.

"दहा काहून घेतले?"

"मग जागा रिकामी कशी ठेवायची?"

रिकामी नाही, तिथं x लिहायचा, असं मी सांगितलं. तिनं लिहिला, पण पाहुण्याला दारातच उभं करावं तसा. आठवडाभर आमचं असंच चाललं. x दिसला की ती विचारी, "ह्यो यक्स किती हाय?" मी म्हणे, "माहीत नाही." ती पेन खाली ठेवी. ज्याचं काही माहीतच नाही त्याची बेरीज-वजाबाकी कशी करायची, हे तिला पटत नव्हतं आणि तिला कसं पटवावं, ते मला कळत नव्हतं.

एकदा मला सुट्टी होती म्हणून मी तिच्यासोबत अंगणवाडीत गेले. ती खिचडीसाठी तांदूळ निवडत होती. मी सहज विचारलं, "आज किती लेकरं येणार?"

"ते काय सांगावं? येतील तेवढी. मी आपलं येतील तेवढ्यांचं टाकते अन् वरून दोघांचं जास्ती."

"आई, हेच की. येतील तेवढी म्हणजे x. वरून दोन. x + 2."

तिचे हात थांबले. मग तांदळात बोटं फिरवत हळूच म्हणाली, "असं व्हय. मग आधी असं सांगायचं न्हाई का गं?"

त्या दिवसापासून तिला यक्स आवडू लागला. आता पुस्तकातली वाक्यं कमी पडू लागली. बाबा शेतातून येऊन बाजेवर टेकले की आई म्हणे, "एखादं वाक्य सांगा ना." बाबांना गणिताचं काही देणंघेणं नव्हतं, पण आई मागतेय म्हटल्यावर ते मन लावून विचार करत.

"आपल्या बकऱ्यांपेक्षा तीन कमी," ते म्हणाले.

आईनं लिहिलं, x − 3.

बाबांनी वाकून पाहिलं. "अगं, आपल्या चार बकऱ्या हायत. एक लिही ना सरळ."

"मोजायच्या न्हाईत हो. यक्स लिहायचा असतो."

"घरच्या बकऱ्या माहीत असून?"

मला हसू आवरेना. दोघंही माझ्यावर रागावले.

खरी अडचण आली ती कंसापाशी. "एका संख्येच्या दुपटीत तीन मिळवा" आणि "एका संख्येत तीन मिळवून येणाऱ्या बेरजेची दुप्पट करा" ही दोन्ही वाक्यं तिला सारखीच वाटत. दोन्हीला ती 2x + 3 लिही. मी फोड करून दाखवली, आकडे घालून दाखवलं. ती मान हलवी आणि पुन्हा तेच लिही. शेवटी मी भाकरी बांधायची दोन फडकी आणली. प्रत्येक फडक्यात भाकरी, प्रत्येकात तीन हिरव्या मिरच्या, वर गाठ.

"भाकरी किती ते मोजू नको, पण दोन्हीत सारख्या. मिरच्या किती झाल्या?"

"सहा."

"गाठ म्हणजे कंस. गाठीच्या आत जे आहे, त्या सगळ्याची दुप्पट. आता मिरच्या एकाच फडक्यात ठेव. भाकरींची दुप्पट झाली, मिरच्या तीनच राहिल्या. हे झालं 2x + 3."

तिनं दोन्ही फडकी सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. मग कागदावर 2(x + 3) लिहिलं आणि कंसाच्या दोन्ही रेघा गिरवून जाड केल्या.

दुसऱ्या दिवशी आईनं त्याच दोन फडक्यांत बांधून दिलेल्या भाकरी घेऊन बाबा आणि काका सोयाबीन काढायला गेले. संध्याकाळी बाबा दारातूनच म्हणाले, "काय गं, त्याच्या भाकरीसोबत मिरच्या अन् माझी भाकर कोरडी? काय तकलीफ झाली तुला?"

आईनं कपाळावर हात मारला. "कंस राहिला!"

काकांना काहीच समजलं नाही. बाबांना बहुतेक समजलं, कारण ते हसत हसत हातपाय धुवायला गेले.

परीक्षा सेनगावला होती. जीपमध्ये आईच्या शेजारी दहावीच्या पोरी बसल्या होत्या. त्या तिला मावशी म्हणत तिचंच पुस्तक मागून वाचत होत्या. मी केंद्राबाहेर लिंबाखाली थांबले. बीजगणिताचा पेपर देऊन ती बाहेर आली तेव्हाच तिचा चेहरा उतरला होता. "वाक्य समजलं गं, यक्स पण लिहिला. पुढं सोडवता सोडवता टाइम संपला."

गणितात ती राहिली. निकालाच्या दिवशी जेवली नाही. बाबा तिच्याजवळ बसून नुसतेच सुपारी कातरत राहिले. चार दिवसांनी त्यांनीच विचारलं, "मग, वाक्य सांगू का?"

जुलैच्या फेरपरीक्षेत ती पास झाली. निकाल मी मोबाइलवर पाहिला आणि ओरडलेच. आईनं मोबाइल हातात घेऊन आपलं नाव पुन्हा पुन्हा वाचलं. बाबांनी दुकानातून पेढे आणले आणि वाटेत भेटेल त्याला देत आले, त्यामुळं घरी पोचले तेव्हा पुड्यात थोडेच उरले होते.

संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली. "बारावीला गणित घ्यावंच लागतं का?"

"आर्ट्सला नाही लागत."

"मग आर्ट्सच बरं." ती पदराशी चाळा करू लागली. "पण चुकल्या-चुकल्यासारखं वाटंल गं."

आणि ती म्हशीला पाणी दाखवायला उठली.