बॅनरमधली बाई

आमच्या दुकानातल्या ताईंचं ठरलेलं. चष्मा कपाळावर ढकलायचा, पेनाची मागची बाजू स्क्रीनवर टेकवायची आणि समोरच्या गिऱ्हाइकाला शांतपणे विचारायचं, "ही इथे काय करतेय?"

गिऱ्हाईक टाइल्सवालं असो, पाण्याच्या टाकीवालं असो नाहीतर बोअरवेलवालं, त्याने मोबाइलवर आणलेल्या डिझाइनमध्ये एक बाई असायचीच. तुम्हीही पाहिल्या असतील, आपल्याकडे नाक्यानाक्यावर आहेत. टाकीला टेकून उभी, कमरेवर हात, केस उडतायत. बोअरवेलच्या मशीनजवळ तोकडा स्कर्ट घालून कोण जातं हो? पण बाई हवी.

"काही नाही करत, उभी आहे," गिऱ्हाईक म्हणायचं.

"मग बसू दे तिला. पाय दुखले असतील." असं म्हणून ताई तिला स्क्रीनवरून उडवायच्या.

काही जण हसून कबूल व्हायचे. बाकीचे तिला परत आणायला लावायचे आणि ताई कुरकुरत का होईना, आणायच्या.

आमचं दुकान डोंबिवली पूर्वेला, फ्लेक्स छापायचं. मी काउंटरला. ऑर्डरी घेणं, फोन घेणं आणि लोकांची तोंडं सांभाळणं हे माझं काम. ताई डिझाइनला. राहायला कल्याणला. आधी ठाण्यात एका पेपरमध्ये छोट्या जाहिराती लावायचं काम बरीच वर्षं केलेलं. पन्नाशीच्या, ठेंगण्या, आवाज बसका. स्वभाव म्हणाल तर निव्वळ कटकट. पंखा नको, एसी नको. स्वतःच्या डब्यातली भाजी कुणाला देणार नाहीत, माझी मात्र न विचारता घेणार आणि वर ऐकवणार, "तुझ्या सासूच्या हाताला चव आहे गं, तुझ्या नाही." किती भांडलेय मी त्यांच्याशी, विचारू नका. पण त्या सुट्टीवर असल्या की मला डबा गोड लागायचा नाही, हेही खरं.

खरी गंमत यायची नगरसेविकांच्या बॅनरला. निवडून आलेली बायको, फोटो घेऊन येणार नवऱ्याची माणसं. ताई पहिल्यांदा बायकोचा फोटो मोठा लावायच्या आणि नवरा खाली कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा.

"मॅडम, साहेबांचा जरा मोठा करा ना."

"निवडून कोण आलंय?"

"वहिनी."

"कारभार कोण बघतं?"

"साहेब."

"मग बरोबर आहे तुमचं," म्हणून साहेबांना मोठं करायच्या.

एकदा मी वैतागले. म्हटलं, "एवढं कळतं तर करता कशाला?"

"पोट आहे मला. पण विचारायला काय जातं? एखादा तरी घरी जाऊन आठवेल."

आता त्या दिवसाचं सांगते. दहीहंडी तोंडावर आली होती. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दुकानाच्या मालकांचे, म्हणजे शेठचे, शाळासोबती होते एक, कल्याणच्या एका मंडळाचे अध्यक्ष. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. जुन्या गावातलं घर, शेतीच्या जागी आता टॉवर उभे. माणूस तसा दिलदार, आला की आम्हा सगळ्यांना वडापाव मागवायचा. त्यांना यंदा दहीहंडीला नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवायचा होता. "ठाण्याच्या टेंभी नाक्यासारखी गर्दी झाली पायजे," म्हणाले. मोबाइलमधून एक नाचणारी बाई काढून दाखवली. कपडे कमी, कॅमेऱ्याचा सगळा जोर छातीवर आणि कमरेवर.

"मागच्या वर्षी हिरॉइनचा फोटो लावला तर नोटीस आली. यंदा बॉडी हीच ठेवा, तोंड दुसरं लावा."

आमच्या धंद्यात हे नवीन नाही. अंग एकीचं, तोंड दुसरीचं, म्हणजे कुणी ओळखत नाही आणि कुणी नोटीस पाठवत नाही. ताई असल्या कामाला हात लावायच्या नाहीत. "मी जेवायला चालले," म्हणून उठल्या. मग शेठ स्वतः कॉम्प्युटरवर बसले. भाऊ आणि त्यांचे दोघे जण बाकड्यावर. संध्याकाळी बॅनर कल्याणला कोर्टाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाला चढवायचा होता, बांबूसुद्धा बांधून तयार होते.

ताई हात पुसत आल्या तेव्हा मशीन चालू होतं. फ्लेक्स वरून खाली उतरतो. आधी कार्यकर्त्यांची डोकी आली, मग तिचे केस, कपाळ, डोळे, हसणं. ताई तिथेच थांबल्या.

"शेठ, हा चेहरा कुठला घेतलात?"

"जुन्या कामातला. हसरा होता, बसला बरोबर. कोणाला कळतंय?"

"मला कळतंय," ताई म्हणाल्या आणि त्यांनी मशीनचं लाल बटण दाबलं.

मी काउंटरवरून उठून पाहिलं. मलाही ती आठवली. कल्याणच्या एका बौद्ध वस्तीतली मुलगी, वकील झालेली. तिच्या अभिनंदनाचा बॅनर आमच्याकडेच केलेला. तिचे वडील सगळ्या गल्लीला घेऊन आले होते. शेजारी म्हणत होते, आमचेपण फोटो टाका. वडील ऐकेनात. म्हणाले, "फक्त तीच पाहिजे. आमचं कुणाचं नको." पेढे देऊन गेले होते. ती आता कल्याण कोर्टात एका मोठ्या वकिलांच्या हाताखाली जात होती. म्हणजे उद्या सकाळी काळा कोट घालून तिने त्याच रस्त्याने जायचं, आणि डोक्यावर तिचाच हसरा चेहरा, खाली ते अंग. बरोबरचे वकील, अशील, पोलीस, सगळे बघणार. नंतर ती कोर्टात उभी राहिली की कुणाच्या डोक्यात तिचं म्हणणं शिरणार होतं?

शेठचा चेहरा उतरला. "अरे देवा, वकील आहे ती."

भाऊ बाकड्यावरून म्हणाले, "एवढं काय झालं? हिरॉइन केली ना आपण तिला."

माझं डोकंच फिरलं. "भाऊ, तुमच्या घरात आयाबहिणी नाहीत का?"

ते उठले. त्यांच्याबरोबरचे दोघेही उठले आणि काउंटरपाशी आले. एकाने काउंटरचं झाकण वर केलं. "तोंड सांभाळून बोला," भाऊ म्हणाले, आवाज अजिबात न चढवता. मशीन बंद असल्यामुळे बाहेरच्या रिक्षांचे हॉर्न तेवढे ऐकू येत होते.

ताई वळल्या, पण भाऊंकडे नाही, माझ्याकडे. "आयाबहिणी कशाला पाहिजेत गं? ती कुणाची कुणी नसती तर चाललं असतं?"

मला असा राग आला म्हणता. यांच्या बाजूने बोलावं तर मलाच सुनावणार. पण त्या बोलण्यामुळे सगळेच गोंधळले आणि तो माणूस झाकण सोडून मागे सरला.

शेठने लगेच मध्ये तोंड घातलं. "भाऊ, बसा. पाच मिनिटांत तोंड बदलतो. परदेशातली कुणीतरी लावू, तिच्या बापाला कुठे कळणार आहे?"

भाऊ बसले. मलाही हायसं वाटलं, सुटली बिचारी. ताईंना नाही वाटलं. त्यांनी स्क्रीनवर गळ्याच्या खाली बोट ठेवलं. "आणि ही? ही कोण आहे?"

शेठ वैतागले.

"ताई, पुरे आता. नेटवरचा फोटो आहे तो."

"नेटवर काय उगवतात का बायका?"

त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी ती अख्खी बाई काढून टाकली. उरले नुसते लाइट आणि भोवती गोल करून हसणारे कार्यकर्ते.

भाऊंनी बघितलं. "यात बघायला काय राहिलं?" म्हणाले आणि निघाले. "कल्याणात दुकानं नाहीत काय?" शेठ त्यांच्या गाडीपर्यंत धावत गेले आणि एकटेच परत आले. "ताई, उद्यापासून..." एवढंच बोलले. ताईंचा डबा तोवर पिशवीत गेला होता. कॉम्प्युटरमधून त्यांनी त्या मुलीचा फोटो पुसला. मग मशीनवरचा अर्धवट फ्लेक्स कापला. असा वाया गेलेला फ्लेक्स कुणीतरी छपरावर टाकायला मागून नेतं, म्हणून चेहऱ्याचा तुकडा वेगळा कापून, घडी घालून त्यांनी स्वतःबरोबर नेला.

"जाते गं," म्हणाल्या. मी घरी जाऊन खूप रडले.

ताई फोन उचलेनात, म्हणून दहीहंडीच्या आदल्या दिवशी मी कल्याणला गेले. कोर्टाच्या रस्त्याला वळले तर बॅनर समोरच. दुसऱ्या कुठल्यातरी दुकानाने करून दिला होता. अंग तेच, तोंड नवीन. गोरी, हसरी, कुठली कोण जाणे. ती वकील मुलगी तेवढ्यात फायली छातीशी धरून भराभर त्याच्या खालून गेली. तिने वरसुद्धा पाहिलं नाही.

आणि त्या बॅनरच्या खाली ताई उभ्या होत्या. छत्री काखेत, येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवत होत्या. "अहो, हिला ओळखता का? हिला कळवायला पाहिजे."

रिक्षावाले हसत होते. एक म्हणाला, "मावशी, मुलगी हरवलीय का तुमची?"

"माझी नाही," ताई म्हणाल्या आणि पुढच्याला विचारायला लागल्या.

मी जाऊन त्यांचा हात धरला. "ताई, चला घरी. लोक वेड्यात काढतायत."

"आलीस? बरं झालं. स्टेशनकडून येणाऱ्यांना तू विचार, मला दोन्हीकडे पुरत नाही."

मी दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिले. इस्त्रीचा शर्ट घातलेला एक गृहस्थ येत होता, त्याला थांबवलं. "जरा वर बघता का? या बाईला ओळखता?"

तो बघायला लागला. बराच वेळ, सावकाश, वरपासून खालपर्यंत आणि परत वर. मग मध्येच कुठेतरी थांबला.

"चेहऱ्याकडे बघा," मी म्हटलं.

मग त्याने चेहऱ्याकडे पाहिलं. "नाही ओळखत," म्हणाला आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.