मोऱ्याच्या हळदीतला रेंडर

आधीच सांगते, या ग्रुपवर मी आजवर फक्त टिंगल करायला यायचे. कुणी म्हटलं गच्चीवर पांढरं काहीतरी दिसलं, की खाली 'चादर वाळत असेल' अशी कमेंट टाकणारी ती मीच. तेव्हा आज माझी खेचायची असेल तर खुशाल खेचा...

मी नवीन पनवेलला, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका गाळ्यात मोशन ग्राफिक्सचं काम करते. आमच्या पनवेल-उरण पट्ट्यात हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठा कार्यक्रम. डीजे, एलईडी वॉल आणि वॉलवर निमंत्रकांच्या नावांचा व्हिडिओ. ही नावं शेवटच्या क्षणापर्यंत बदलतात! थोरल्या मामाचं नाव धाकट्याच्या खाली गेलं की मांडवात रुसवे-फुगवे. पूर्वी एक नाव बदललं की अख्खा व्हिडिओ पुन्हा रेंडर करावा लागायचा, म्हणजे मशीनकडून एकेक चित्र नव्याने बनवून घ्यावं लागायचं आणि मी कपाळाला हात लावून बसायचे. मग मी एक पद्धत बसवली — समुद्र, पाकळ्या, दिवे असं जड काम एकदाच रेंडर करून ठेवायचं आणि नावांचा थर वेगळा ठेवून वरून चढवायचा. आता नाव बदलायला चहा होईपर्यंतचा वेळ पुरतो. या पद्धतीचा मला भयंकर माज होता. अजूनही आहे.

तर उरणजवळच्या मोरा बंदरातल्या कमलेशची हळद. कोळ्यांचं घर. तो लहान असताना त्याचे वडील मासेमारीला गेले ते परत आलेच नाहीत. होडीही सापडली नाही. व्हिडिओत वडिलांची होडी हवी म्हणून त्याने मला एक जुना फोटो दिला होता. त्यात बंदरात उभी असलेली रिकामी होडी, बाकी कुणी नाही. मी तोच निळा रंग, तोच लाल पट्टा देऊन होडी बनवली आणि मोठ्या झोकात सूर्याकडे सोडून दिली.

हळदीच्या दिवशी सकाळी कमलेशचा फोन. "ताई, आईने व्हिडिओ बघितला. ती मांडवात येणारच नाही म्हणते."

तेवढ्यात त्याच्या आईने, हिरा मावशींनी, फोन घेतला. "पोरी, होरी जाताना दाखवलीस तू. जाताना मी येकदा बगितली हाय. लेकाच्या हलदीत परत नाय बगाची."

पाठ फिरवून निघालेली होडी आम्हा डिझायनर लोकांना छान दिसते. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या बाईला ती कशी दिसेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"मावशी, होडी काढूनच टाकू का?"

"काडू नको. त्यांची हाय ती. घरा येताना दाखव."

बोलायला सोपं! नेमकी होडीच मी त्या एकदाच रेंडर केलेल्या भागात पक्की करून ठेवली होती, पाण्यासकट आणि सावलीसकट. आधी चलाखी म्हणून क्लिप उलटी चालवून पाहिली. पाकळ्या जमिनीवरून आभाळात, धूर परत दिव्यात आणि होडी रिव्हर्स गिअरमध्ये किनाऱ्याला! मग निमूटपणे होडीचं तोंड फिरवलं आणि सगळा भाग नव्याने रेंडरला लावला. मशीनने वेळ दाखवली ती थेट दुसऱ्या दिवसाची. हळद तर संध्याकाळी.

एलईडी वॉल भाड्याने देणारा रिझवान खाली टेम्पो लावून वर आला. "मॅडम, क्वालिटी जरा कमी करा ना. अल्ला खैर करेल." मी त्यासाठीच माऊसला हात लावला... आणि लाईट गेली. यूपीएस जरा वेळ ओरडला आणि त्यानेही मान टाकली.

अर्धवट राहिलेल्या रेंडरची फाईल उघडतसुद्धा नाही, हे या धंद्यातलं कुणीही सांगेल. मी टेबलावर डोकं ठेवून रडले, सांगायला लाज कसली. माझ्यामुळे एका मुलाला आईशिवाय हळद लागणार होती.

लाईट आली तेव्हा रिझवान म्हणाला, "एकदा बघून तर घ्या." फोल्डरमध्ये फाईल होती. उघडली. चालली — पहिल्यापासून शेवटपर्यंत! पाकळ्या खाली पडतायत, होडी किनाऱ्याकडे तोंड करून येतेय. मग मी विचार करणंच बंद केलं, भराभर नावं चढवली आणि टेम्पोत जाऊन बसले.

मोऱ्याला मांडव गच्च भरलेला. कमलेश पाटावर बसलेला, आणि हिरा मावशी लांब घराच्या दारात. होडी बघेन, मग ठरवेन, एवढंच त्यांनी कबूल केलं होतं.

व्हिडिओ सुरू झाला. माझ्या मॉनिटरवर ती होडी बोटाएवढी होती, वॉलवर चांगली पुरुषभर उंच झाली. आणि तेव्हा मला दिसलं... होडीच्या पुढच्या टोकावर एक पाय ठेवून एक माणूस उभा होता. डोक्याला फडकं गुंडाळलेलं, डावा हात कमरेवर.

मी माणूस बनवलाच नव्हता.

म्हाताऱ्या खलाशांपैकी दोघे-तिघे उठून उभे राहिले. हिरा मावशी दारातून निघाल्या त्या गर्दीतून वाट काढत थेट वॉलसमोर आल्या.

"आयले," त्या म्हणाल्या. मग मागे वळून, अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात, "बगा, घरा आयले!"

त्यांनी दोन्ही हात हळदीत बुडवले आणि लेकाच्या गालांना पहिली हळद लावली. विधवेने हळद लावायची नाही म्हणणाऱ्या बायका तिथे होत्या, पण एकीचंही तोंड उघडलं नाही. मग जो काही जल्लोष झाला! मावशी नाचल्या, मी नाचले, रिझवान तर वायरी सोडून नाचला. एवढा आनंद मला माझ्या स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

त्यानंतर तोच प्रोजेक्ट मी कितीतरी वेळा रेंडर केला. मशीन तेच, सेटिंग तेच. होडी दर वेळी येते, पण रिकामी. मेलेला रेंडर पूर्ण कसा झाला, तो माणूस कुठून आला, मला खरंच माहीत नाही. इथे कुणी जाणकार असेल तर सांगा, मी मुकाट्याने ऐकेन.

गेल्या आठवड्यात राहवेना म्हणून मी मावशींना फोन करून खरं काय ते सांगून टाकलं. "मावशी, होडीतला माणूस मी घातला नव्हता हो."

त्या इतक्या मोठ्याने हसल्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"अगं येडे, त्येच त मी सगल्या बंदराला सांगत फिरतंय!"