डब्यातला पाऊस

१० जुलै. सांभाराचे धणे रगडायला घेतले.

आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. पेरायच्या आदल्या दिवशी धणे पोत्यावर पसरून चपलेने रगडायचे. दाण्याचे दोन भाग झाले की रात्रभर भिजवायचे आणि सकाळी पेरायचे. भिजवल्यावर थांबता येत नाही. म्हणजे कुठल्या तुकड्यात पेरायचं, हे संध्याकाळपर्यंत ठरायला हवं होतं.

मंगरूळपीरच्या बाजूला आमचं आणि दिरांचं सामाईक भाजीपाल्याचं शेत आहे. नवरा दिवसभर बाजारात असतो, शेतातलं ठरवायचं मी आणि दिरांनी. रिकामे तुकडे दोन. खालचा नाल्याला लागून, काळा, कसदार. वरचा मुरमाड. मागच्या वर्षी खालचा सांभार पाण्यात उभा राहून सडला. पोळ्यापर्यंत घर या एका पिकावर चालतं, त्यामुळे मला तो वर हवा होता. दिरांना वरच्या तुकड्यात वांगी लावायची होती.

एवढंच होतं. पण मुलगी अमरावतीहून सुट्टीला आलेली. ती तत्त्वज्ञान शिकते. आणि दीर एका पक्षाचं काम करतात. त्यामुळे धण्यांवरून बोलणं दहा मिनिटांत साऱ्या पृथ्वीवर गेलं.

"हवामान बदललं, हवामान बदललं," दीर बाजेवर बसून म्हणाले. "गोऱ्या लोकायनं शंभर वर्षं धूर केला, आन आता आमाले सांगून राह्यले का तुमी चूल बंद करा. राजकारण आहे सारं."

"काका, धूर कोनं केला हा एक प्रश्न, अन् त्यानं उष्णता वाढली का हा दुसरा," मुलगी म्हणाली. "पहिल्यावर तुमचं बरोबर आहे. पण त्यानं दुसऱ्याचं उत्तर बदलत नाही."

"मंग सांग, औंदा आपल्या नाल्याले पूर येते का?"

"ते कोनीच सांगू शकत नाही."

"पाहा वहिनी! यायलेच माहीत नाही!"

मी चप्पल जरा जोरात घासली. ताप आहे हे डॉक्टरला कळतं, तो किती वाजता उतरेल हे कळत नाही. म्हणून ताप नाही असं कोणी म्हणत नाही. पण मुलीचंही एकदाच बोलून होत नव्हतं. खात्री म्हणजे काय, पुरावा कशाला म्हणायचं, आपण जे मानतो ते का मानतो, असं तिचं सुरू झालं. धणे मात्र मी एकटीच रगडत होते.

शेवटी मी उठून वही आणली. माझ्याकडे पुरावा होता. आठ वर्षांपासून मी अंगणात तेलाचा रिकामा डबा ठेवते. पाऊस थांबला की त्यात काडी बुडवते आणि किती बोटं पाणी ते वहीत लिहिते. कोणी सांगितलं नव्हतं, भाजीला पाणी द्यायचं की नाही ते कळावं म्हणून सुरू केलं. वहीत स्पष्ट दिसत होतं. आधीची पाच वर्षं दोन बोटं, तीन बोटं. शेवटची तीन वर्षं सहा, सात, एकदा तर डबा भरून वाहिलेला.

"हे घ्या," मी म्हटलं. "आता बोला."

दिरांनी वही उलटसुलट पाहिली आणि मग विचारलं, "डबा कुठीसा असते?"

"गोठ्याजवळ. नेहमीच्या जागी."

बाहेर भुरभुर सुरू होती. ते उठून गेले, मागून आम्ही दोघी. डबा नेहमीच्या जागी होता. त्याच्या बरोबर वर गोठ्याचं पत्र्याचं छप्पर आलं होतं, आणि वळचणीची धार सरळ डब्यात पडत होती. जुनं गवताचं छप्पर भिंतीपाशी संपायचं. तीन वर्षांपूर्वी पत्रे टाकले, ते हातभर पुढे आले. मी रोज तिथून शेणाचं टोपलं घेऊन जाते. एकदाही वर पाहिलं नाही.

"म्हणजे पाऊस नाही वाढला वहिनी, टिनं वाढले!" दीर एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मुलगीही हसली. तिचा राग जास्त आला.

"हसतं काय?" मी तिला म्हटलं. "तुझ्याच बाजूनं बोलून राह्यली होती मी."

"आई, खोट्या पुराव्यानं माही बाजू कायले मांडतं? अन् डबा नीट असता तरी एका अंगणातला डबा तो."

"काका जिंकले, असंच म्हण ना."

"काकाचंही सिद्ध नाही झालं. डबा साक्षीतून बाद झाला, एवढंच."

हे तिचं पहिलं वाक्य जे मला कामाचं वाटलं. डबा बाद, वही बाद. पण माझा सांभार सडला होता तो डब्यात नाही, शेतात. मी दिरांकडे वळले.

"भाऊजी, पाऊस पहिलेसारखाच आहे ना?"

"आहेच."

"मंग तुमची वांगी खाली लावा. जमीन कसदार आहे. मी सांभार वर घेतो."

पत्र्याची धार डब्यात पडत राहिली.

"वांग्याची गोष्ट अलग आहे," ते म्हणाले.

"कशी?"

"मागच्या साली पाहिलं ना तुमी. गुडघाभर पानी होतं तिथं. माही रोपं बुडवता काय?"

मुलीने तोंड उघडलं. मी तिला हातानेच गप्प केलं. माणूस बाजेवर बसून काय मानतो आणि रोप हातात घेतल्यावर काय मानतो, यात एवढं अंतर असेल तर वाद घालून कोणाचा घसा सुकवायचा? आणि मी तरी वेगळं काय केलं होतं? मला हवं ते डब्यात दिसलं, म्हणून मी वर पाहिलं नाही.

"वरचा अर्धा-अर्धा," मी म्हटलं. "खालचा पोळ्यापर्यंत रिकामा."

"रिकामा ठेवाचा? एवढी चांगली जमीन?"

"पानी नाही भरलं, माही चूक झाली, तर नुसतं गवत वाढंल. तुमची झाली तर पीक जाईन."

ते पुटपुटत गेले, पण नाही म्हणाले नाहीत. मी धणे भिजत घातले.

सकाळी उठून वरच्या अर्ध्या तुकड्यात वाफे ओढले आणि सांभार पेरला. मग वहीतल्या शेवटच्या तीन वर्षांवर रेघ मारून शेजारी लिहिलं, 'पत्र्याचं पाणी'. डबा घासला, उचलून शेतात मोकळ्यावर एका दगडावर नेऊन ठेवला, आणि वर आभाळाशिवाय काही नाही ना, ते चारही बाजूंनी फिरून पाहिलं.